क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ आलं तरी जुना रिपोर्ट काढा

किडनीला अचानक इजा झाली आहे का, हे बघायला पहिली हाताशी येते ती रक्तातल्या क्रिएटिनिनची तपासणी. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंतून तयार होणारा, किडनी लघवीवाटे बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ. रक्त थोडंसंच लागतं, निकाल बहुधा त्याच दिवशी मिळतो. तपासणीबद्दल फारशी तक्रार नाही. घोळ होतो तो रिपोर्ट वाचताना.

आकड्याशेजारी छापलेली ‘नॉर्मल रेंज’ इथे चक्क फसवते. समजा, एखाद्या बाईंचं नेहमीचं क्रिएटिनिन ०.६ (मिग्रॅ/डेसिलीटर) आहे आणि जुलाब-उलट्यांच्या चौथ्या दिवशी ते १.० आलं. रेंजमध्ये बसतं, म्हणून आकडा ठळक नाही की पुढे बाण नाही. पण तो दीडपटीच्या वर गेलाय! किडनीला अचानक इजा झाल्याचा निकष असा: ४८ तासांत ०.३ किंवा जास्त वाढ, नाहीतर ७ दिवसांत मूळच्या दीडपट. म्हणजे जुना आकडा जवळ नसेल तर नव्याला अर्धाच अर्थ. वयस्कर, अंगावर मांस नसलेल्या माणसात तर हा आकडा मुळातच कमी असतो.

दुसरी खोट वेगाची. किडनीचं काम मंदावलं की क्रिएटिनिन हळूहळू साठतं, आकडा चढायला एक-दोन दिवस जातात. त्यामुळे आजारी माणसाचा एकच चांगला रिपोर्ट पुरत नाही, २४ तासांनी पुन्हा करावा लागतो. खाली छापलेला ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते, त्याचा अंदाज) तर अशा वेळी बघूच नये. क्रिएटिनिन स्थिर आहे असं धरून तो काढतात, त्यामुळे आकडा चढत असताना किडनी आहे त्यापेक्षा बरी दिसते.

लघवी बऱ्याचदा आधी सांगते. वजन ६० किलो असेल तर तासाला ३० मिली हवी. सहा तासांत १८० मिलीपेक्षा कमी झाली तर थांबू नका. मापाचं भांडं ठेवा, ‘झाली थोडी’ हे माप नव्हे. मात्र लघवी भरपूर होतेय म्हणून इजा नाहीच, असंही नाही.

निकालाची वाट बघताना आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेऊ नका. रक्तदाबाच्या ‘प्रिल’, ‘सार्टन’वाल्या गोळ्या आणि लघवीच्या गोळ्या चालू असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, मनाने बंद करू नका.

सोबत पोटॅशियम आणि लघवीची साधी तपासणी करायची का, तेही विचारून घ्या. नमुन्यात रक्तपेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटंच चढलेलं दिसतं. रिपोर्टवर ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा असेल तर रक्त लगेच पुन्हा द्यायचं.