साठवलेले कापड: जपावे, संपवावे की सोपवावे?

ज्या बाईने आयुष्यभर शिवणकाम आणि भरतकाम केले, तिच्या घरात साठीनंतर कापड वापरले जाते त्याहून अधिक येत राहते. ओटीचे खण, ब्लाउजपीस, सासूबाईंची नऊवारी लुगडी, मुलींनी न नेलेल्या साड्या, उरलेली लोकर आणि रेशमाच्या लडी असा हा साठा असतो. तो नीट लावून जपणे, गोधड्या शिवून संपवणे किंवा वापरणाऱ्या हातांत सोपवणे असे तीन मार्ग आहेत. इमारत पुनर्विकासाला जाणार असेल किंवा मुलांकडे राहायला जायचे असेल, तर निवड सामान बांधण्याच्या पुष्कळ आधी व्हायला हवी.

जपण्यात पैसा कमी लागतो, पण श्रम दरवर्षी लागतात. कसर लोकर आणि रेशीम खाते. सुती कापडाला खळ असेल तर चंदेरी किडा लागतो. म्हणून ठेवणीतले सुती कापड खळ काढून, कडकडीत वाळवून ठेवावे. जरीचे वस्त्र मलमलीत गुंडाळून अधूनमधून त्याच्या घड्या बदलाव्यात आणि डांबरगोळी जरीला टेकू देऊ नये. पारदर्शक डब्यात काय आहे ते लगेच दिसते, पण त्यात ओल कोंडते, त्यामुळे विशेषतः कोकणात रेशमासाठी तो योग्य नाही. ट्रंकेत उजेड लागत नाही आणि रंग टिकतो, परंतु ती बहुधा माळ्यावर असते, आणि सत्तरीत स्टुलावर चढून ट्रंक उतरवणे ही मुळीच न घेण्याजोगी जोखीम आहे. कंबरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीच्या कपाटात मावेल तेवढेच जपावे, हे माझे स्पष्ट मत आहे. इलॅस्टिक आणि जुना सुती दोरा मात्र जपूनही टिकत नाहीत. हाताने ओढून पाहावे, तटकन तुटला तर तो दोरा टाकून द्यावा.

गोधडीचा मार्ग सर्वांत समाधानाचा आहे. नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे ८.२ मीटर कापड. त्याचे चार तुकडे करून दोन-दोन जोडले की दोन थर निघतात, म्हणजे दोन लुगड्यांत चार थरांची ऐसपैस गोधडी होते. कडेपासून आत-आत जाणारा धावदोरा मऊ, धुऊन धुऊन सैलावलेल्या सुती कापडात सहज चालतो. सिंथेटिक साडी निसटते आणि घामही शोषत नाही, त्यामुळे ती यातून वगळावी. प्रश्न हातांचा आहे. बोटांचे सांधे दुखत असतील किंवा मोतीबिंदूमुळे सुईत दोरा ओवणे अवघड जात असेल, तर मोठी गोधडी अर्धवट राहून साठ्यातच भर घालते. अशा वेळी बाळाचे दुपटे स्वतः शिवावे आणि गोधडी शिवून देणाऱ्या बाईकडे योग्य मजुरी देऊन मोठे काम सोपवावे. रंगसंगती आणि थरांची निवड तरीही आपलीच राहते.

देऊन टाकण्याबद्दल मनात सर्वांत जास्त अडखळ असते, आणि नेमका हाच मार्ग बहुतेक साठ्यांसाठी मला योग्य वाटतो. कोरे ब्लाउजपीस शिवणवर्गात शिकणाऱ्या मुलींना हवे असतात, कारण ब्लाउजची पहिली कटोरी कापताना विकत आणलेले कापड वाया घालवणे त्यांना परवडत नाही. लेस, बटणे, खणांचे तुकडे पिशव्या शिवणाऱ्या बचतगटाला उपयोगी पडतात. जुन्या सुती कापडापासून पाळीच्या काळातील पॅड तयार करणारी ‘गूंज’सारखी संस्थाही आहे. बोहारीण धड साड्या घेते, तुकडे घेत नाही. मात्र सरसकट गाठोडे बांधून देऊ नये. सुती, रेशमी, सिंथेटिक असे वेगळे करून, मापे लिहून दिले तर घेणाऱ्याचे अर्धे काम होते. ही निवड आपल्याइतकी चांगली दुसरे कोणी करू शकत नाही. आपल्यामागे घरच्यांना त्यातले इरकल कोणते आणि बाजारी नक्कल कोणती हे ओळखता येईलच असे नाही.

म्हणून हात आणि नजर चांगली असेल तर आधी मऊ सुती लुगड्यांची गोधडी करावी. तसे नसेल तर कोऱ्या कापडापासून देण्यास सुरुवात करावी, कारण त्यात आठवणी कमी गुंतलेल्या असतात. पैठणी किंवा आईचे लुगडे यांचा निर्णय होत नसेल तर ते कपाटात ठेवून, कोणाचे आहे आणि पुढे कोणाला द्यायचे याची चिठ्ठी घडीत घालावी.