सील शाबूत होतं, म्हणून मी इंजिनाचं हेड उघडलं नाही

वीज कंपनीत मीटर तपासण्याच्या कामात माझी 22 वर्षं गेली. मीटरशी कोणी छेडछाड केली का, हे बघताना आम्ही सगळ्यात आधी सील बघतो. आता प्लास्टिकची, नंबर छापलेली सीलं आली, पण मी नोकरीला लागलो तेव्हा शिशाचीच होती. तार ओवायची, शिशाची गोळी सरकवायची, पक्कडीत दाबायची. पक्कडीच्या जबड्यावर कोरलेला ठसा शिशावर उमटतो. तो ठसा म्हणजे सील, बाकी नुसतं शिसं. नवीन लागलेल्या पोरांना मी हे शिकवत आलो, आणि डिसेंबरात मलाच एका शिशाच्या गोळीने 1 लाख 18 हजारांना गंडवलं. सेक्शनमध्ये अजून हसतात लोक. हसू द्या.

गाडी यामाहा आरएक्स 100. 1985 मध्ये आली, 1996 मध्ये बंद झाली. 98 सीसी, 11 अश्वशक्ती, वजनाला हलकी, आणि तो आवाज. कॉलेजात असताना माझ्या मित्राकडे होती. मी मागे बसून फुटाळा तलावापर्यंत जायचो आणि ‘एकदा चालवू दे बे’ म्हणून त्याच्या मिनतवाऱ्या करायचो. आता मुलीची इंजिनीअरिंगची फी भरून झाली, तेव्हा म्हटलं, एक आपल्यासाठी.

नुसती फिरवायला नको होती. नागपुरात आम्ही काही हौशी लोक जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांची शर्यत लावतो. वर्षातून एक-दोनदा, शहराबाहेरच्या मातीच्या मैदानावर. बक्षिसाला फारसा अर्थ नाही, पण नियम मात्र कडक आहेत. नियम नसते तर ज्याच्याकडे जास्त पैसा आणि जवळ लेथ, तोच दरवेळी जिंकला असता. सरकारी हिशेबात 50 वर्षांच्या पुढची गाडी व्हिंटेज. 2021 पासून तशा गाड्यांना वेगळी नोंदणीही मिळते. त्या हिशेबाने पहिली आरएक्ससुद्धा 2035 च्या आधी त्यात बसत नाही. आमच्या मैदानावर मात्र तीच आजोबा आहे.

माझा गट 100 सीसीचा. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मूळ 50 मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, तीही 50. झिजलेला ब्लॉक, म्हणजे सिलिंडर, आतून कातून ओव्हरसाइज पिस्टन टाकायला परवानगी आहे, पण 1 मिलिमीटरपर्यंतच. गणित सोपं आहे. 50 ला 98.2 सीसी होतात, 51 ला 102.1. कार्बोरेटर मूळ 20 मिलिमीटरचाच हवा, ब्रेक ड्रमच हवेत. शिवाय सुरक्षिततेचे नियम: ऑइलच्या ड्रेन बोल्टला लॉक वायर, क्लच-ब्रेकच्या लिव्हरच्या टोकाला गोळा, किल स्विच, आणि आरसा, स्टँड, इंडिकेटर काढलेले. लॉक वायरचं पहिल्यांदा ऐकल्यावर मलाही वाटलं होतं, एवढं काय त्यात. मग एकदा पुढच्याचा बोल्ट गळून वळणावर ऑइल सांडलं आणि मागचे तिघं एकावर एक पडलेले पाहिले.

विकणारा कामठी रोडच्या बाजूचा. नाव लिहीत नाही, वकिलांनी नको म्हटलंय. मूळचा मिस्त्री. हाताला कसब आहे, हे आजही नाकारणार नाही. त्याने गाडी दाखवली तेव्हा डोळ्यांना दिसणारा प्रत्येक नियम पाळलेला होता. ड्रेन बोल्टला लॉक वायर सुबक पिळलेली, लिव्हरला गोळे, पुढे पांढरी नंबर प्लेट. आणि हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाच्या, दोन नटांमधून ओवलेली तार, तिच्या टोकाला शिशाची गोळी.

‘‘हे काय?’’ मी विचारलं.

‘‘सील आहे ना जी. मागच्या शर्यतीत इंजिन खोलून, मोजून मारलेलं. हे पाहा, कागद.’’

कागद खरा होता, हे नंतर कळलं. मागच्या मोसमातल्या स्क्रुटिनीची, म्हणजे शर्यतीच्या गाड्यांच्या तपासणीची, झेरॉक्स. चेसिस नंबर गाडीशी जुळत होता. बोअर 50.5 लिहिलेलं. इंजिन नंबरचा रकाना रिकामा. तो मी पाहिला आणि सोडून दिला. घाईत लिहायचं राहिलं असेल म्हटलं. मीटरच्या पंचनाम्यात असा रिकामा रकाना दिसला असता तर मी ज्युनिअरला उभं केलं असतं.

‘‘हेड एकदा काढून पाहू का?’’

‘‘पाहा ना दादा, तुमचीच गाडी समजा. पण सील तुटलं तं पुन्हा मोजणी, पुन्हा पैसे. अन् सीलवाली गाडी म्हणूनच तं हा भाव आहे. तुटल्यावर मी मागं घेणार नाही, आधीच सांगून राहिलो.’’

यात डोकं पाहा. सील माझ्या विश्वासासाठी नव्हतंच, माझे हात बांधायला होतं. जी गोष्ट उघडून पाहिली असती तीच उघडू नये म्हणून, आणि तेही माझ्याच फायद्याचं म्हणून.

ब्लॉकच्या पंख्या, म्हणजे बाहेरच्या पात्या, नवीन दिसत होत्या, म्हणून थोडी शंका आली होती. त्यावर त्याने विलायतेकडचा दाखला दिला, आणि तो चुकीचा नव्हता. तिकडे आइल ऑफ मॅन बेटावरच्या 60 किलोमीटरच्या रस्त्यावर जुन्या गाड्यांच्या शर्यती होतात. मॅंक्स नॉर्टन, एजेएस 7आर, मॅचलेस जी50 असल्या सिंगल सिलिंडर गाड्या. मूळ कारखान्यांनी त्या बनवणं 1960 च्या दशकाच्या सुरुवातीलाच थांबवलं. 1966 मध्ये कॉलिन सीली नावाच्या रेसरने जी50 आणि 7आरची यंत्रसामग्री विकत घेऊन काम पुढे चालू ठेवलं. आज तिथे पळणाऱ्या कित्येक इंजिनांतला बराचसा धातू नवाकोरा असतो आणि तरी ती नियमात बसतात, कारण रचना आणि मापं त्या काळची आहेत. नियम धातूचा जन्मदाखला मागत नाही. ‘‘मग आपल्या ब्लॉकच्या पंख्या चमकल्या तं बिघडलं काय?’’ तो म्हणाला. खरंच काही बिघडत नव्हतं. पण मग मापं तरी पाहायला हवी होती, ती मी पाहिली नाहीत. अर्धं खरं सांगणारा माणूस पूर्ण खोटं बोलणाऱ्यापेक्षा जास्त महाग पडतो.

मग ट्रायल. पहाटे साडेपाचला वर्धा रोडवर, जामठ्याच्या पुढे. तिसऱ्या गिअरला पुढचं चाक हलकं व्हायला लागलं. मी हेल्मेटमध्ये एकटाच हसत होतो. परत आल्यावर वाटलं, मूळ मापात इतकी ओढ? हा माणूस जादूगार आहे! तीच ओढ हा त्याच्या लबाडीचा पुरावा होता आणि तिच्यामुळेच मी पैसे मोजले. मीटरवर बिल अचानक निम्मं आलं तर आम्ही ग्राहकाचं अभिनंदन करत नाही, क्लॅम्प मीटर घेऊन घरी जातो.

40 हजार यूपीआयने, त्याच्या सांगण्यावरून त्याच्या नातेवाइकाच्या खात्यावर. 78 हजार रोख. पावतीवर ‘गाडी पाहून, पसंत करून, आहे त्या स्थितीत घेतली’ एवढंच. त्याखाली सही माझी, त्याची नाही. बायको म्हणाली, ‘‘अहो, आरसी नावावर कधी करणार?’’ मी म्हटलं, शर्यतीची गाडी आहे, रस्त्यावर कुठे चालवायची आहे. आता लिहिताना लाज वाटते.

फेब्रुवारीत शर्यत होती. आमच्याकडे स्क्रुटिनीला एक काका असतात, सत्तरीचे, लेथवर आयुष्य गेलेले. आधी बाहेरचं तपासलं. लॉक वायर पाहून ‘वा’ म्हणाले. मग हेडपाशी आले, गोळी चिमटीत धरून उलटी-सुलटी केली आणि चष्मा कपाळावर चढवला.

‘‘हे कोणी मारलं?’’

‘‘तुम्हीच ना काका. मागच्या वर्षी.’’

त्यांनी खिशातून स्वतःची पक्कड काढून एक गोळी दाबून दाखवली. एका बाजूला क्लबची दोन अक्षरं, दुसऱ्या बाजूला आकडा. माझ्या गोळीवर नुसत्या आडव्या-उभ्या रेघा. कुठल्याही साध्या पक्कडीच्या जबड्याच्या. तार आणि शिशाच्या गोळ्या इतवारीत वजनावर मिळतात, हे मला काकांनी सांगायची गरज नव्हती.

तार त्यांनी चार लोकांसमोर कापली. आधी कार्बोरेटर. त्यांच्याकडे घरी कातलेली एक पितळी गुटी आहे, 20 मिलिमीटरच्या तोंडात अडकावी अशी. ती सरळ आत गेली आणि पलीकडून दिसली. व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, लावला तर 22. बाहेरून बॉडी मूळ, छापलेला आकडाही मूळ, आतून कातून मोठा केलेला. दोन मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतं, पण हवा जायच्या वाटेचं क्षेत्रफळ 21 टक्के वाढतं. मग हेड उतरवलं. पिस्टन पाहूनच बाजूच्या पोरांनी शिट्टी मारली. 54. जुनी स्लीव्ह, म्हणजे ब्लॉकच्या आतली नळी, काढून नवी ठोकलेली; पोर्ट, म्हणजे हवा-धूर जायच्या वाटा, घासलेले. 114.5 सीसी. परवानगीपेक्षा 12 सीसी जास्त.

मी स्वतः गाडी विकत घेतलेला माणूस, आणि सगळ्यांच्या नजरेत लबाड मीच. नियम गाडी घेऊन येणाऱ्यालाच जबाबदार धरतो, आणि बरोबरच धरतो. प्रवेश फी गेली, त्या मोसमापुरतं नाव कापलं. कागदाचा उलगडाही तिथेच झाला. ती चेसिस गेल्या वर्षी खरंच पास झाली होती, 50.5 च्या इंजिनासह. शर्यतीनंतर ते इंजिन दुसरीकडे गेलं आणि हे मोठं इंजिन खाली बसलं. कागद चेसिसचा, सील इंजिनाचं, आणि दोघांना जोडणारा एकमेव रकाना रिकामा.

गाडी टेम्पोत टाकून थेट त्याच्या गॅरेजवर नेली. त्याने चहा मागवला. शांतपणे म्हणाला, ‘‘दादा, मी दिलं तेव्हा सील होतं का नव्हतं?’’

‘‘होतं.’’

‘‘मंग आता तुटलेलं आहे. दोन महिने गाडी तुमच्याकडं. आत काय बदललं, मले काय माहीत जी?’’

चहा तसाच ठेवून उठलो. त्या गोळीने दोनदा काम केलं होतं: विकताना मला गप्प बसवलं, आणि तुटल्यावर पुरावा पुसून टाकला.

खरी झोप उडाली ती पुढे. वकिलांनी इंजिन नंबर विचारला, तेव्हा पहिल्यांदा मी आरसी घेऊन गाडीजवळ बसलो. चेसिस जुळत होती. इंजिन नंबर अजिबात जुळेना. इंजिन बदललं तर त्याची नोंद आरसीवर करून घ्यावी लागते, ती कोणी केली नव्हती. म्हणजे माझ्या अंगणात कोणाचं तरी इंजिन उभं होतं, चोरीचंही असू शकलं असतं. दुसऱ्याच दिवशी ठाण्यात लेखी अर्ज दिला, इंजिन नंबरच्या पेन्सिल ट्रेससह, आणि पोच घेतली. जुनी गाडी घेतलेल्यांनो, इतर काही नाही केलं तरी ही कागद-पेन्सिल आजच घेऊन बसा. पाच मिनिटं लागतात. ते इंजिन चोरीचं असल्याची नोंद निघाली नाही, पण ते कळेपर्यंतचे पाच आठवडे मी घंटी वाजली की दचकत होतो.

सील न तोडता काय पाहता आलं असतं, ते नंतर काकांनी मला बसवून दाखवलं. राग येण्याइतकं सोपं आहे. सील हेडच्या नटांना होतं. कार्बोरेटर आणि सायलेन्सर त्याच्या बाहेर. कार्बोरेटर सोडवून तोंडात व्हर्नियर घातला असता तर तिथेच 22 दिसलं असतं. सायलेन्सर उतरवून टॉर्च मारला तर एक्झॉस्ट पोर्टमधून पिस्टनची बाजू आणि स्लीव्हची कड दिसते. घासलेल्या पोर्टच्या कडा, नव्या स्लीव्हचा सांधा, सगळं तिथे. स्पार्क प्लग काढून त्या भोकातून मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा सोडला तर पिस्टनच्या माथ्यावरचा ओव्हरसाइजचा आकडाही बरेचदा वाचता येतो, काजळी पुसली तर. सील कोणी मारलं, त्याला एक फोन करणं हे तर याहून सोपं. काकांचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये तीन वर्षांपासून होता.

वकिलांच्या नोटिशीनंतर त्याने 35 हजार परत केले, ‘ओळखीखातर’ म्हणून. यूपीआयचे 40 हजार नातेवाइकाच्या खात्यावर गेल्याने तो व्यवहार गाडीचाच होता हे दाखवायला चॅटचे स्क्रीनशॉट कामी आले. रोख दिलेल्याचा कुठे मागमूस नाही. उरलेल्यासाठी ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे, दोन वर्षांच्या मुदतीत. बघू.

गाडीत आता जुळणाऱ्या कागदांचं दुसरं इंजिन बसवतोय, बोअर 50.25, काकांच्या देखरेखीखाली. आधी आरटीओत नोंद, मग मैदान. ओढ पहिल्यासारखी नाही. तो 54 चा ब्लॉक मी भंगारात दिला नाही, बायको रोज विचारते तरी. घरातल्या टेबलावर ठेवलाय, कापलेल्या तारेसकट ती गोळी त्याच्याच आत. रविवारी सकाळी मी घरीच असतो. कोणी आरएक्स घ्यायला निघालं असेल तर आधी येऊन जा, व्हर्नियर माझ्याकडे आहे.