एनकेपी३०: ई. कोलायमधलं घ्यावं की मानवी पेशींतलं?

एनकेपी३० हा नैसर्गिक मारक पेशींवरचा (या रोगप्रतिकारक पेशी), त्यांना हल्ल्यासाठी चेतवणारा ग्राही, म्हणजे ठरावीक रेणू ओळखून पेशीला संकेत देणारं प्रथिन. कर्करोगाच्या काही पेशींवर दिसणारं बी७-एच६ हे प्रथिन तो ओळखतो. या जोडीचा शोध २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोगासाठी एनकेपी३०चा पेशीबाहेरचा भाग मागवताना खरी निवड असते ती उत्पादनाच्या पद्धतीची.

ई. कोलाय या जिवाणूत बनवणं स्वस्त आणि झटपट. पण तिथे असं प्रथिन बहुतेकदा न विरघळणाऱ्या गठ्ठ्यांत साचतं. ते उलगडून पुन्हा योग्य घडीत आणावं लागतं. शिवाय हे जिवाणू मानवी पद्धतीच्या शर्करा-साखळ्या जोडत नाहीत. स्फटिक बनवून रचना पाहायची असेल तर हा फायदाच, कारण लवचिक साखळ्या स्फटिकीकरणात अडथळा आणतात.

एनकेपी३० बी७-एच६ला किती घट्ट चिकटतो, म्हणजे बंधन, मोजायचं असेल तर मात्र माझं मत स्पष्ट आहे: एचईके २९३ या मानवी पेशींत बनवलेलं प्रथिन घ्या, महाग पडलं तरी. एनकेपी३०वरच्या साखळ्यांचा बी७-एच६शी होणाऱ्या बंधनावर परिणाम होतो, हे दाखवलं गेलं आहे. साखळ्यांविना मिळालेला आकडा शरीरातल्या ग्राहीचा मानणं धोक्याचं.

जिवंत पेशींवर प्रयोग असेल तर आणखी एक अडचण येते, एंडोटॉक्सिनची, म्हणजे जिवाणूच्या आवरणातल्या विषारी घटकाची. ई. कोलायचा तो अंश उरला तर मोनोसाइट या पांढऱ्या रक्तपेशी त्यानेच चेततात आणि श्रेय ग्राहीला जातं. एचईकेच्या प्रथिनातही हाताळणीतून तो शिरू शकतो, म्हणून दोन्हींच्या, विक्रेत्याने दिलेल्या प्रमाणपत्रावरचा एंडोटॉक्सिनचा आकडा आधी वाचावा.