भाड्याच्या फ्लॅटला काय घातलं आणि बेळगावच्या पावसात काय टिकलं

तिसऱ्या रेल्वे गेटच्या पलीकडं, उद्यमबागच्या वाटेवर आमचा एक जुना टू बीएचके आहे, स्वतः राहायला नाही, भाड्यानं द्यायलाच घेतलेला. गेल्या उन्हाळ्यात आतून सगळा नवा करून घेतला आणि पावसाच्या तोंडावर भाडेकरू आत आले, नवरा फाउंड्रीत, वहिनी नर्स, दोन लहान पोरं. आता एक अख्खा पावसाळा, थंडी आणि परत उन्हाळा झालाय. खानापूर, निपाणीकडं पण बरेच जण असं घर घेऊन ठेवतात, त्यांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितोय. माझं मत आधीच सांगतो, भाड्याच्या घरात स्वस्त की महाग हा प्रश्न नंतरचा, पहिलं बघायचं की बिघडलं तर तेवढाच भाग गावातल्या गावात बदलून मिळतोय का.

फरशी. दुकानात सगळे ४ बाय २ ची चकचकीत पांढरी दाखवत होते, दिसायला छानच आहे की, पण आमच्या मिस्त्रींनी सरळ सांगितलं, "मालक, पांढरी घालू नका, पावसात तांबडी माती घेऊन पोरं आत येणार." मग २ बाय २ ची मॅट विट्रिफाइड घेतली, फिकट राखाडीत बारीक ठिपके असलेली. जून ते सप्टेंबर तांबडी माती आत आली, पुसली, गेली, आज फरशीवर एक डाग नाही. विट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही, अर्ध्या टक्क्याच्या आत, म्हणूनच नुसत्या सिमेंटवर ती नीट धरत नाही आणि वर्षभरात खालून पोकळ वाजायला लागते, तेव्हा टाइल चिकटवायचा तयार मसाला, अॅडहेसिव्हच वापरा आणि मिस्त्री नको म्हणाला तरी ऐकू नका. एक बॉक्स जास्तीचा आणून माळ्यावर ठेवलाय, कारण वर्षानं तोच शेड परत मिळेल याची काही खात्री नसते. बाथरूमला खरबरीत टाइल आणि सांध्यात सिमेंटऐवजी इपॉक्सी, म्हणजे पाणी न शोषणारं रेझिनचं भरण, ते महाग पडलं पण सांधे अजून काळे पडले नाहीत, हा खर्च मी पुढच्या वेळीही करेन.

भिंतींवर मात्र जरा जास्तच लिहायला पाहिजे, कारण बेळगावात घर खराब होतं ते तिथनंच. आमची बेडरूमची भिंत पश्चिमेची, पावसाचा सगळा मारा तिच्यावर, आणि जुना मालक दर वर्षी आतनं पुट्टी मारून रंग देत होता, दर वर्षी पापुद्रे सुटत होते. ओल बाहेरून येते तर आतून झाकून काय होणार. आम्ही आधी बाहेरच्या भेगा भरल्या, बाहेरून वॉटरप्रूफ कोट दिला, खिडकीवरच्या छज्ज्याचा उतार नीट करून घेतला, आतलं फुगलेलं प्लास्टर काढून नवीन केलं आणि ते ४ आठवडे नुसतं सुकू दिलं. त्या वेळात भाडं बुडतंय असं घरचे म्हणत होते, पण पावसाळ्यानंतर ती भिंत हात लावला तर कोरडी आहे हो, याचं मला फार समाधान आहे. रंग सगळ्या खोल्यांत एकच, धुता येणारा इमल्शन, शेडचा नंबर मीटरच्या पेटीत आतून लिहून ठेवलाय. पोरांनी हॉलमध्ये पेनानं चित्रं काढली, वहिनींनी ओल्या फडक्यानं पुसली, निघाली. डिस्टेंपर असता तर रंगच फडक्याला आला असता.

स्वयंपाकघरात मॉड्युलर केलंच नाही. ओटा काळ्या ग्रॅनाइटचा आणि खाली कडप्प्याचे उघडे कप्पे. ओट्यालाच कडप्पा घाला म्हणजे पैसे वाचतील असं एकानं सुचवलं होतं, पण तो चुनखडीचा दगड, लिंबू, चिंच, आमसुलाचं पाणी सांडलं की पांढरट चट्टा पडतो तो जात नाही. खाली कप्प्यांना चालतो. सिंकखाली एकच दार आहे, ते आयएस ७१० च्या मरीन प्लायचं. वरच्या मजल्यावर साध्या प्लायचं किचन आहे, तिथं सिंकखालचे दरवाजे फुगून लागायचे बंद झालेत. बाथरूमला पीव्हीसीचं दार बसवलं, दिसायला साधं, पण पावसात फुगत नाही आणि अडकत नाही.

नळ पितळेचे, साधे, ज्यांचा स्पिंडल, म्हणजे आतला फिरणारा भाग, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. बोअरच्या जड पाण्यानं शॉवरची भोकं क्षारानं बुजतात, शॉवरचं तोंड काढून व्हिनेगरमध्ये ठेवलं की मोकळी होतात, भाडेकरूला हे पहिल्याच दिवशी दाखवलं होतं.

वायरिंग दिसत नाही म्हणून लोक तिथंच पैसे वाचवतात, हे मला अजिबात पटत नाही. दिव्यांना १.५, सॉकेटला २.५ आणि गिझरला ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर टाकली, आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच. लहान पोरं असलेल्या घरात हे नसेल तर बाकीचं सगळं नटवून काय करायचं?

विकायचं असेल तर हिशोब थोडा वेगळा. गिऱ्हाईक हॉल, बाथरूम आणि ओटा बघतं, तिथं जरा भारी टाइल, चांगले दिवे चालतात. पण फॉल्स सीलिंगचा उलटाच अनुभव आला. वरचा फ्लॅट शेवटच्या मजल्यावरचा, तो विकायला काढला तेव्हा येणारा प्रत्येक माणूस वर बघून विचारायचा, "आत गळतंय काय?" वरच्या मालकांनी सीलिंग काढलं, स्लॅब उघडा दाखवला, मग बोलणी पुढं सरकली.

आणि पक्की बिलं घ्याच. भाड्याच्या उत्पन्नात घरपट्टी वजा करून उरेल त्यावर ३० टक्के वजावट आपोआप मिळते, रंग-दुरुस्तीची बिलं तिथं वेगळी चालत नाहीत, पण नवीन वायरिंग, नवी फरशी अशा घरात भर घालणाऱ्या कामाचा खर्च पुढं विकताना खरेदीच्या किमतीत धरता येतो, तोही बिल असेल तरच. आमचा टाइलवाला बिलाशिवाय स्वस्त देतो म्हणत होता, आम्ही जीएसटी भरून बिल घेतलं आणि ते खरेदीखताच्या फाइलला लावून ठेवलंय.