बाबांच्या हातातला ई-रीडर : दोन वर्षं वापरल्यानंतर

हा ई-रीडर मी माझ्यासाठी घेतला होता. पुस्तकं वाचायचं यंत्र, सात इंची, ई-इंकचा म्हणजे कागदासारख्या दिसणाऱ्या पडद्याचा, कडेने उजेड देणारा. आता तो बाबांकडे असतो आणि परत मागायला माझी जीभ रेटत नाही. दोन वर्षं हाताळून जे कळलं ते लिहिते आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण यातले बरेचसे गुणदोष ई-इंकच्या सगळ्याच यंत्रांत कमीजास्त सापडतील.

बाबा ८१ वर्षांचे. त्यांना मॅक्युलर डीजनरेशन आहे, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. कडेचं दिसतं, पण जिथे नजर रोखावी नेमकं तेच पुसट होतं. जन्मभर वाचत आलेल्या माणसावर याहून मोठा घाला नाही. भिंग वापरून बघितलं. भिंगाने अक्षर मोठं होतं पण ओळ हरवते. एक ओळ संपवून पुढची शोधेपर्यंत आधीचं वाक्य निसटून जातं. हळूहळू त्यांनी पुस्तक हातात घेणंच सोडलं. कुणी विचारलं तर म्हणायचे, ‘माझं वाचून झालंय.’ चार वर्षं हे वाक्य ऐकलं आणि दर वेळी पोटात तुटलं.

एका दुपारी मी माझ्या यंत्रावर अक्षरांचा आकार शेवटच्या टोकाला नेला, ठसा जाड केला, ओळींतलं अंतर वाढवलं आणि ते त्यांच्या हातात दिलं. एका पानावर जेमतेम पंचवीस-तीस शब्द मावत होते. बाबांनी मान थोडी डावीकडे वळवली, नजरेच्या कडेने बघायची त्यांची ती पद्धत. ओठ हलायला लागले. पान संपलं तसा त्यांनी अंगठा टेकवला, पण काही झालं नाही. पुन्हा टेकवला, तरी नाही. कोरड्या, सुरकुतलेल्या कातडीचा स्पर्श पडद्याला कळेना. मी सांगायला जाणार तोच त्यांनी सवयीने बोट जिभेला लावलं, कागदाचं पान उलटताना लावायचे तसंच, आणि पान उलटलं. ‘अगं, याला पण थुंकी लागते!’ म्हणाले आणि पुढचं वाचायला लागले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

आता यंत्राबद्दल. मोबाइलचा पडदा स्वतः डोळ्यांत उजेड सोडतो, ई-इंक तसं करत नाही. तिच्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या बारीक कुप्या असतात आणि त्यांत विजेचा उलटसुलट भार असलेले पांढरे आणि काळे कण. वीज दिली की हवे ते कण वर येतात आणि अक्षर उमटतं. एकदा उमटलं की टिकून राहायला वीज लागत नाही, ती पान बदलतानाच लागते. म्हणून बॅटरी आठवडेच्या आठवडे चालते. मात्र डब्यावरचे आठवडे दिवसाला अर्धा तास वाचन धरून मोजलेले असतात. बाबा चार-चार तास वाचतात, अक्षरं मोठी असल्यामुळे पानंही भराभर उलटतात, त्यामुळे आमच्याकडे आठ-नऊ दिवसांनी चार्जिंगला लावावं लागतं. मला ते पुष्कळ वाटतं. उन्हात बसलं तर अक्षर आणखी ठळक दिसतं. रात्री मी उजेडाचा रंग पिवळसर करून देते.

डाव्या बाजूही आहेत. मधूनच पान उलटताना पडदा क्षणभर काळा होतो. आधीच्या पानाची पुसट सावली घालवण्यासाठी ते लागतं, पण पहिल्यांदा तसं झालं तेव्हा बाबांना वाटलं, डोळेच गेले. ते हबकलेच. ज्यांची नजर अधू आहे त्यांना हे आधी समजावून सांगा. स्कॅन केलेली पीडीएफ पुस्तकं यावर वाचण्यासारखी नाहीत. त्यांत प्रत्येक पान म्हणजे एक चित्रच असतं, अक्षर मोठं केलं की अख्खं पान मोठं होतं आणि ते इकडून तिकडे सरकवत बसावं लागतं. काही मराठी ई-पुस्तकांत जोडाक्षरं तुटलेली असतात. असं पुस्तक बाबा दोन पानांत मिटतात. विकत घेण्याआधी नमुन्याची पानं उतरवून बघावीत, हे मी दोन पुस्तकांचे पैसे घालवून शिकले. शिवाय यातलं पुस्तक तुमचं होत नाही, तुम्हाला फक्त वाचायचा परवाना मिळतो. आवडलेलं पुस्तक मैत्रिणीच्या हातात देता येत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

माझी स्वतःची एक तक्रार आहे. यावर वाचलेलं माझ्या लक्षात राहतं, पण कशानंतर काय घडलं याची सांगड सुटते. कागदी पुस्तकात मला आठवतं की तो प्रसंग डाव्या पानावर, खाली, पुस्तक निम्म्याच्या थोडं पुढे गेल्यावर होता. इथे सगळंच एका पानाच्या जागी घडतं आणि खाली नुसते टक्के दिसतात. वाचनावर संशोधन करणाऱ्या अ‍ॅन मांगेन आणि सहकाऱ्यांचा २०१९चा एक अभ्यास वाचल्यावर जरा हायसं वाटलं. त्यांनी ५० जणांना २८ पानांची एक कथा वाचायला दिली, निम्म्यांना कागदावर, निम्म्यांना ई-रीडरवर. बहुतेक चाचण्यांत दोन्ही गट बरोबरीचे ठरले. घटनांचा क्रम मात्र कागदावर वाचणाऱ्यांना जास्त नीट सांगता आला. तेव्हापासून अभ्यासाचं आणि कवितेचं मी कागदावर वाचते, कादंबरी चार्ज करून.

माझ्या ओळखीतले लोक सध्या काय वाचतात, हे या यंत्रामुळे मला जास्त कळायला लागलंय. गंमत अशी की त्याला मुखपृष्ठ दिसत नाही, म्हणून विचारावं लागतं आणि विचारलं की माणसं बोलतात. माझी एक सहकारी इतरांसमोर हातात धरायला लाजेल अशा राजपुत्र-ड्रॅगनच्या जाडजूड प्रेमकथा यावर वाचते. दिवसभर दुसऱ्यांचं करून थकल्यावर कुणीतरी कुणासाठी जीव टाकतंय हे वाचून तिला बळ येतं. तिला कुणी नावं ठेवली तर मला राग येतो. भाचा सवयी लावण्याची पुस्तकं एकामागून एक संपवतो. त्यातल्या एकामुळे तो खरोखर पहाटे उठून पळायला जातो, बाकीच्यांचं त्याला काहीच आठवत नाही. नवरा गेल्यानंतर माझी एक मैत्रीण फक्त खुनाच्या रहस्यकथा वाचते. मी कारण विचारलं तर म्हणाली, ‘शेवटी असं का झालं ते कुणीतरी सांगतं.’ पुस्तक माणसाला काय करतं यावर मी बरेच लेख वाचलेत, पण हे वाक्य त्या सगळ्यांहून खोल गेलं.

बाबांचं म्हणाल तर त्यांची नजर सुधारलेली नाही, सुधारणारही नाही. पण जेवताना ते पुन्हा बोलायला लागलेत. पूर्वी औषधांपलीकडे विषय नसायचा. आता वाचलेल्या माणसांबद्दल बोलतात, कधी त्यांच्यावर चिडतात. परवा एका पात्राने बापाला पत्र लिहिलं नाही म्हणून दिवसभर अस्वस्थ होते, आणि संध्याकाळी त्यांनी आपणहून काकांना फोन लावला. दोघं किती वर्षांनी बोलले, ते मी मोजत बसले नाही.

अधू नजरेच्या किंवा हात थरथरणाऱ्या माणसासाठी घेणार असाल तर तीन गोष्टी दुकानातच तपासा. अक्षर जास्तीत जास्त किती मोठं होतं ते बघा. काळ्यावर पांढरं करता येतं का बघा, काही डोळ्यांना ते सोपं जातं. आणि पान उलटायला कडेला खरी, दाबता येणारी बटणं आहेत का, हे सगळ्यात आधी बघा. वजन हातात धरून पाहा. कव्हर घातलं की ते चांगलंच वाढतं, म्हणून बाबांच्या यंत्राचं कव्हर मी काढून टाकलंय. स्वतःसाठी घेणाऱ्याला मोबाइलवर वाचून डोळे चुरचुरत नसतील आणि संदेशांकडे मन पळत नसेल, तर याची निकड नाही.

पाचपैकी चार गुण. एक गुण कापला तो बाबांच्या अंगठ्यासाठी. माझ्यासाठी मी दुसरा मागवलाय, बटणांचा. आला की आधी त्यांच्या हातात देणार आहे. आवडला तर तो त्यांचा, आणि हा जुना, बोट ओलं करून चालणारा, माझा.