जुनी हत्यारं रंगवायला हॉट प्रेस की कोल्ड प्रेस?

रंधा, वाकस, पटाशी, गिरमिट अशी जुनी हत्यारं जलरंगात हुबेहूब उतरवायची, तर अडतं ते कागदावर. ३०० जीएसएम (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम) वजन आणि १०० टक्के कॉटन यावर फारसं दुमत नसतं. प्रश्न पृष्ठभागाचा असतो: गुळगुळीत (हॉट प्रेस) की थोडा खडबडीत (कोल्ड प्रेस)?

हुबेहूब म्हटलं की बरेच जण गुळगुळीत हॉट प्रेस सुचवतात, आणि त्यात तथ्य आहे. करवतीचे दात, पात्यावर ठोकलेला छाप, अशी बारीक रेघ त्यावर न तुटता येते. ओल्या ब्रशने रंग उचलून लोखंडाची चमकही सहज काढता येते.

मला नडलं ते हेच रंग उचलला जाणं. लोखंड एका थरात होत नाही. आधी अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांचा करडा, तो वाळला की गंज, मग सावली. हॉट प्रेसवर रंग वरवरच बसतो. गंजाचा ब्रश टेकवला की खालचा करडा सुटतो आणि दोन्हींचा चिखल होतो, हात कितीही हलका ठेवा. त्यात आपला नागपूरचा मे महिना! कूलर लावला की वाऱ्याकडची बाजू आधी वाळते आणि वॉशच्या, म्हणजे पातळ रंगाच्या थराच्या, मधोमध कडा उमटते. कोल्ड प्रेसवर ती कडा जरा लपते, निदान माझा तरी तसा अनुभव आहे.

कोल्ड प्रेसवर तिसऱ्या थराखालीही पहिला बऱ्यापैकी जागेवर राहतो. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि ओतीव लोखंडाचा खरबरीतपणा आपसूक येतो. इतवारीच्या लोहाओळीतून आणलेल्या एका वाकसाच्या मानेशी गंजाचे पापुद्रे सुटले होते. जवळजवळ कोरडा ब्रश आडवा फिरवला, तर रंग फक्त उंचवट्यांवर लागला आणि पापुद्रे तयार! हॉट प्रेसवर तेच ठिपक्या-ठिपक्याने रंगवावं लागलं असतं.

कोल्ड प्रेसवर धारेची रेघ थोडी थरथरते, हे मान्य. म्हणून मी धार रंगवतच नाही. तेवढा कागद कोरा सोडून मागची सावली गडद करतो.

घड्याळजीचे चिमटे, स्क्रू-ड्रायव्हर अशी नाजूक, चकचकीत अवजारं काढायची असतील, तर हॉट प्रेसच बरा पडेल. झिजलेली, गंजलेली हत्यारं असतील, तर आधी कोल्ड प्रेस घ्या, असं सुचवेन. २२ बाय ३० इंचांच्या एका शीटचे आठ तुकडे होतात. एकावर करडा देऊन पूर्ण वाळू द्या आणि त्यावर गंजाचा थर चढवून बघा.