हतनूरच्या बॅकवॉटरची होडी: बदकांसाठी बसा, चिखल्यांसाठी उतरा

जळगाव जिल्ह्यात तापीवर हतनूर धरण आहे. त्याच्या बॅकवॉटरला, म्हणजे धरणामागे तुंबलेल्या पाण्यात, मासेमारी करणारे लोक होडीतून पक्षी दाखवायला नेतात. ते कसं आहे, जावं का, असं स्टुडिओत येणारे बरेच जण विचारतात, म्हणून एकदाचं लिहून टाकते. जा. पैसे वसूल होतात. पण बदकं, नदी सुरय, चित्रबलाक असे पाण्यावरचे पक्षी बघायचे असतील तरच होडीत बसून राहा. शेकाट्या, तुतवार, टिलवे, चिखल्या ही काठाकाठानं चिखलात चोच घालत फिरणारी मंडळी हवी असतील, तर होडी रिक्षासारखी वापरायची. पलीकडे सोडून घ्यायचं आणि उतरायचं.

माझा भुसावळला फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्ट साइज. तिथी नसेल त्या दिवशी पहाटे गाडी काढते आणि वरणगावकडून नाहीतर चांगदेवकडून पाणी गाठते. लग्नातली ७०-२०० लेन्स इथे तोकडी पडते, म्हणून लांबचं जवळ आणणारी १५०-६०० भाड्यानं आणते.

तापी आणि पूर्णा चांगदेवला एकत्र येतात आणि पुढे हतनूरला अडतात. पूर्णा काळ्या मातीतून येते, येताना गाळ आणते. पावसाळ्यात धरणाचे ४१ दरवाजे उघडल्याच्या बातम्या आपण वाचतोच, तरी गाळ साचायचा तो साचलाच. धरणाच्या दृष्टीनं हे वाईट, पण गुडघाभर पाण्यात पोट भरणाऱ्या पक्ष्यांची चंगळ. देशातल्या महत्त्वाच्या पक्षीक्षेत्रांच्या यादीत हतनूर आहे ते उगाच नाही. हिवाळ्यात पाणी ओसरायला लागलं की रोज थोडा नवा ओला काठ उघडा पडतो आणि पक्षी त्या काठाबरोबर खाली सरकतात. त्यामुळे मागच्या महिन्यात कुणी सांगितलेली जागा या महिन्यात कोरडी असते. होडीवाल्याला मात्र आजची जागा ठाऊक असते, कारण पहाटे जाळी काढायला तो तिथूनच आलेला असतो. आपण पैसे देतो ते खरं तर या माहितीचे.

मी ज्यांच्याबरोबर जाते ते भाऊ वल्ह्यानं होडी चालवतात. इंजिन नाही, हे सगळ्यात चांगलं. आमचे दोन तासांचे ८०० रुपये ठरले आहेत, माणशी नाही, अख्ख्या होडीचे. तुम्ही आधी फोनवरच ठरवून घ्या, काठावर घासाघीस नको. तिघांपेक्षा जास्त बसू नका. होडीत लाइफ जॅकेट दोनच होती, तिसरं मी घरून नेते. पोहता येत असलं तरी घालाच. खाली गाळ आहे आणि पाण्यात जाळी लावलेली असतात.

होडीतून फोटो काढायचे तर ट्रायपॉड गाडीतच ठेवा. होडीची सगळी थरथर त्यातून कॅमेऱ्यात येते. मी जाड कापडाची पिशवी शिवून त्यात हरभरे भरले आहेत. ती होडीच्या कडेवर टाकायची, वर लेन्स टेकवायची. शटर १/२०००, आयएसओ ऑटो. चित्रबलाक आणि बगळे पांढरे, मागचं पाणी काळपट, त्यामुळे कॅमेरा फसतो आणि पांढऱ्यातली पिसं जळून जातात. एक्सपोजर पाऊण स्टॉप खाली घ्या, म्हणजे फोटो जरा काळपट काढा. नवरीमागचा एलईडीचा मंडप सांभाळणाऱ्याला हे सांगायला नको.

चित्रबलाक होडीला फारसे बिचकत नाहीत. तोच माणूस काठावरून चालत आला तर केव्हाच उडतात. अर्धी उघडी चोच पाण्यात बुडवून ठेवतात, एका पायानं गाळ ढवळतात आणि मासा चोचीला लागला की मिटतात. डोळ्यांनी शोधणं नाहीच, सगळं स्पर्शावर. जरा पलीकडे चमचे नावाचे पक्षी असतात, ते चोच डावी-उजवीकडे फिरवत पुढे जातात. हे बघायला होडीच हवी. थापटे आणि चक्रवाक ही बदकं खोल पाण्याकडे बसतात, तीही होडीतूनच बघायची.

आता तक्रार. काही होडीवाले थव्याच्या अगदी जवळ जाऊन टाळ्या वाजवतात. का, तर गिऱ्हाइकाला उडतानाचा फोटो हवा असतो. दोष निम्मा गिऱ्हाइकांचाच, तेच मागतात. छोटा टिलवा पंचवीसेक ग्रॅमचा जीव. उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रात अंडी घालतो आणि हिवाळ्यात आपल्या चिखलावर येतो. परत जायला लागणारी चरबी इथेच खाऊन साठवायची असते, ती आपण त्याला उगाच उडवून जाळायला लावतो. शिवाय घाबरून उडालेल्या थव्याच्या फोटोत सगळ्यांच्या शेपट्याच येतात. मी होडीत बसायच्या आधीच सांगते, ‘भाऊ, उडवायचं नाही, उडाले तरी चालेल पण आपल्यामुळे नको.’ ते हसले, म्हणाले, ‘ताई, मग तर माझे हात दुखायचे वाचले.’

चिखल्यांसाठी काय करायचं ते सांगते. सूर्य पाठीशी येईल अशा काठाला उतरवायला सांगा. गाळ कुठे पाय धरतो आणि कुठे मांडीपर्यंत आत घेतो हे होडीवाल्यालाच विचारा. वरून वाळलेला दिसला तरी भरवसा नाही. युरियाच्या दोन रिकाम्या गोण्या अंथरा आणि पालथं पडा. होडी लांब जाऊ द्या. पंधरा-वीस मिनिटं काहीच होत नाही. मग शेकाट्या परत येतात, लाल पाय उचलत उचलत, त्यांच्यामागून तुतवार, शेवटी टिलवे-चिखल्यांसारखे बारके. कंठेरी चिखल्या चार पावलं पळतो, थांबतो, एक पाय पुढे करून ओल्या चिखलावर थरथरवतो. किडा हलला की टिपतो, पुन्हा पळतो. डोळ्याभोवतीचं पिवळं कडं या उंचीवरून लख्ख दिसतं. होडीतून याचाच फोटो काढला तर वरून काढल्यासारखा येतो, मागे नुसता चिखल. एकदा एक ठिपकेवाला तुतवार इतका जवळ आला की लेन्स फोकसच घेईना. म्हशी चरायला आल्या तर हाकलू नका, त्यांच्या पायाशी पक्षी बिनधास्त फिरतात.

उजाडल्यापासून नऊपर्यंतच खरी वेळ. पुढे तापलेल्या चिखलावर हवा लहरायला लागते आणि कितीही महागडी लेन्स असली तरी फोटो मऊ येतात. त्यानंतर कॅमेरा बंद करून दुर्बिणीनं बघा, नाहीतर सरळ भरीत-भाकरी गाठा.

उन्हाळ्यात मी होडी सांगत नाही. मार्चपासून उघड्या पडलेल्या बेटांवर आणि वाळूवर नदी सुरय आणि छोटे आर्ली हे पक्षी उघड्यावरच अंडी घालतात. ती मातीच्याच रंगाची असतात, पायाखाली आली तरी कळत नाहीत. गाळपेऱ्याची, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरणी करणाऱ्यांची, वर्दळ असतेच, त्यात आपली भर नको. ‘बेटावर उतरवतो’ असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा.

पाचपैकी चार. एक गुण जॅकेटांसाठी आणि टाळ्यांसाठी कापला. जाताना रोख पैसे ठेवा, पाण्यावर मोबाइलची रेंज येते-जाते आणि भाऊंकडे सुट्टे कधीच नसतात.